कापसाचा बर्फ

आई,

तुझ्या नातीच्या शाळेनं या आठवड्यात घरी बर्फ करायला सांगितला आहे. तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि ती आत्ता साडेचार वर्षांची आहे, म्हणजे तुम्ही एकमेकींना पाहिलेलंच नाही. चंद्रपूरलाच शिशुवर्गात जाते. तिच्या बाईंनी मोबाइलवर यादी पाठवली: काळ्या कागदावर डिंक लावून जाड मीठ भुरभुरवा, पांढऱ्या कागदाच्या घड्या घालून कात्रीनं हिमफुलं कापा, वाटीभर पाण्यात खेळणं गोठवा आणि मुलांना ते कोमट पाण्यानं सोडवू द्या, कापसाचा बर्फाचा माणूस करा. मीठ झालं, हिमफुलं झाली. प्लास्टिकचा हत्ती गोठवला होता, तो मोकळा होईपर्यंत ती "थांब, काढतो तुले" म्हणत त्याची समजूत घालत बसली होती. अगदी तुझ्यासारखं, काढते नाही, काढतो. कापसाची पाळी आली तेव्हा मात्र मी उठून स्वयंपाकघरात गेले. मेडिकलमधून आणलेला कापसाचा गुंडाळा ओट्यावर होता आणि तो उलगडायला माझा हात होईना.

आठवतंय, मी सातवीत आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दप्तरासकट तुझ्या अंगणवाडीत येते. कोरपन्याकडच्या आपल्या गावातली ती एकच खोली, भिंतीवर ऋतूंचा तक्ता, त्यात बर्फाखाली गेलेलं एक घर. एक चिमुरडी त्यावर बोट ठेवून विचारते, "बाई, यायच्या घरावर कापूस कोनं ठेवला?" तू सांगतेस, "कापूस नोहे बेटा, बर्फ होय. आभायातून पडते." कोणाचाच विश्वास बसत नाही. उन्हाळ्यात चप्पल चिकटेल इतका रस्ता तापणाऱ्या आपल्या मुलखात कसा बसावा? मग एक दिवस तू तालुक्याच्या मीटिंगहून येताना गोळेवाल्याकडून बर्फाची लादी भुशात बांधून एसटीनं आणतेस. अर्धी वाटेतच विरघळते. उरलेली पोरं हातोहात फिरवतात, दहा म्हणेपर्यंत धरायची. एक जण चार म्हणताच टाकून देतो, "बाई, हे भाजते!" आणि तू इतकी हसतेस की डोळ्यांना पदर लावतेस. नंतर आपल्या शेतातला कापूस निघतो. पोरं सरकी काढतात, बोटांनी कापूस पिंजतात, गोळे करून खळीनं निळ्या पुठ्ठ्यावरच्या डोंगराला लावतात. शेजारच्या पोरीचा गोळा वेडावाकडा होतो म्हणून मी तो काढून माझा नीट लावते, तर तू माझ्या हातावर चापट मारतेस. "तुले येते म्हणून तिचं काऊन करून देतं? तिले करू दे. तिचे बोटं चालले पाह्यजे." सगळ्यांसमोर मारलंस म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

माझं लग्न झालं आणि आम्ही मनालीला गेलो. तिसऱ्या दिवशी बर्फ पडायला लागला आणि तेवढ्यात तुझा फोन आला.

"पडून राह्यला का वं?"

"हो आई, आत्ताच."

"मंग मले एक सांग. पडतानी आवाज येते का? पानी पडते तं येते, गारा पडते तं येते. याचा? पोरं विचारून राह्यले, मले सांगता नाई आलं."

तुझे जावई कॅमेरा धरून उभे होते. टूरमधल्या बायका हाका मारत होत्या. त्यांच्यासमोर आपली बोली बोलायची मला लाज वाटत होती. मी दबक्या आवाजात म्हटलं, "आई, तुला दुसरं काही सुचत नाही का? नंतर सांगते. ठेव आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांना खिचडी वाढता वाढता तू खाली बसलीस आणि तशीच कलंडलीस. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला यायला दोन दिवस लागले. अंत्यविधी उरकून, वंदना म्हणून विहारातली माणसं परत गेली होती, बाबा ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. तुझा चेहरा मला दिसलाच नाही.

पाचव्या दिवशी तुझी पिशवी आणायला अंगणवाडीत गेले. भिंतीला निळा पुठ्ठा होता, डोंगर अर्धाच कापसानं भरलेला. मदतनीस मावशी म्हणाल्या, "त्या दिवशी पोरं अर्धा करून जेवाले बसले होते. बाई म्हने, पोरगी फोन करन, मंग सांगतो तुमाले आवाज येते का नाई." एका पोरीनं माझी ओढणी ओढली. "ताई, येते का?" मी म्हटलं, "येते." तिनं विचारलं, "कसा?" आई, त्या बर्फात मी तासभर उभी होते. ढीगभर फोटो काढले. आवाज येतो का, तेवढं मात्र ऐकलं नाही. मी पिशवी न घेताच निघून आले.

आज तुझी नातच गुंडाळा उचलून घेऊन गेली, "मम्मी, चाल ना." शेवटी बसले तिच्याजवळ. तिनं केलेलं डोकं पोटापेक्षा मोठं झालं आणि एका बाजूला कललं. मी हात मांडीखाली दाबून बसले. ती आता झोपली आहे, आणि डिंक वाळेपर्यंत मी हिमफुलं कापून उरलेल्या कागदांच्या पाठीवर हे लिहीत आहे. हे पाठवायला पत्ता नाही. ती उठली की कागद केरात जातील.

त्याआधी एक सांगते. बर्फ पडला त्या दिवशी संध्याकाळी तू पुन्हा फोन केला होतास. मी घरी सगळ्यांना सांगितलं, पहाडात रेंज नव्हती. बाबा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतात, "पोरीचा दोष नाई, तिथी रेंजच नसते." आई, रेंज होती. फोन माझ्या हातातच होता. वाजून वाजून बंद होईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत उभी होते.