टिंग झालं की बटण

१३ नोव्हेंबर १९८९
आजपासून सगळं लिहून ठेवणार. तारखेसकट. उद्या कोणी म्हणालं कल्पना माझी, म्हणजे गुरुदत्त सरांची, नव्हतीच, तर पुरावा हवा.

हेडसरांनी सांगितलं, १५ डिसेंबरला तपासणीचे साहेब येणार. पचनसंस्थेचा पाठ सातवी अ आणि ब, दोन्हीकडे बघणार. अ पद्मजाबाईंकडे, ब माझ्याकडे. पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे आणि साहेबांच्या शब्दाला वजन आहे. सोळा वर्षं खडू खाल्ला, आता बस्स. बदलापुरात कोणी केलं नाही ते करणार. स्लाइड-टेप शो! पडद्यावर चित्र, टेपवर माझा आवाज.

१५ नोव्हेंबर
पद्मजाबाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, तुम्ही काय करताय? सहज म्हणून. सहज कोणी काही विचारत नसतं. मी म्हटलं, काही नाही हो, एक तक्ता. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार
मधू प्रोजेक्टर देऊन गेला. मधू म्हणजे माझ्या बायकोचा, उमाचा भाऊ, अंबरनाथ एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर. ट्रेमध्ये कंपनीच्या स्लाइड्स आहेत, त्या काढून ठेवा म्हणाला. मी काढणार नाही. माझ्या चोवीस पुढे, कंपनीच्या मागे. खोक्यावर 'सेफ्टी' लिहिलंय तेही राहू दे. चोराला वाटेल कंपनीचा माल.

एवढा महागाचा प्रोजेक्टर मधूने लगेच कसा दिला? त्याला काय हवंय?

२४ नोव्हेंबर
उल्हासनगरच्या फोटो स्टुडिओतून स्लाइड्स आणल्या. आठ दिवस लावले. आठ दिवसांत किती कॉप्या निघतात! स्टुडिओवाला सिंधी साईं हिंदीत म्हणाला, मास्टरजी, एवढी बारीक अक्षरं कोण वाचणार? एकेका स्लाइडवर पन्नास शब्द बसवलेत. बदलापूरचे बिल्डर एक इंच सोडत नाहीत, मी का सोडू?

२६ नोव्हेंबर, रविवार
रेकॉर्डिंग. दोनदा कुकरची शिट्टी, एकदा शेजाऱ्यांचं दार. शेजाऱ्यांना आजच दार का आपटावंसं वाटलं?

पहिलं वाक्य झकास जमलं : 'भक्षित अन्नाचे विघटन ही एक जटिल जैवरासायनिक प्रक्रिया होय.' उमा म्हणाली, अहो, मुलांना कळेल का? म्हटलं, कळण्यासाठीच तर आहे.

मग तिने तिची जुनी हिरवी साडी आणली. म्हणे, उभी फाडून वीस फुटांची नळी शिवून देते. मुलांच्या हातात द्या, लहान आतडं केवढं असतं ते समजेल. मला हसू आवरेना. म्हटलं, एकविसावं शतक दारात आलंय आणि तू साड्या कसल्या शिवतेस? ती साडी घेऊन आत गेली.

२ डिसेंबर
बारीकसारीक गोष्टींत मी चुकत नाही. साहेबांना चहा ठीक अकरा-दहाला, वर्गातच. टपरीवाल्या कौसाबाईंना आजच सांगून ठेवलं. काचेचे ग्लास आणायचे, स्टीलचे नकोत. तिला वाचता येत नाही, म्हणून तीनदा बजावलं.

६ डिसेंबर
उमाची हिरवी साडी कपाटात नाही. विचारलं तर म्हणाली, दिली. कोणाला? म्हणाली, ज्यांना हवी होती त्यांना. बोहारणीला दिली असणार. पण घरात नवं पातेलं दिसत नाही. गडबड आहे.

११ डिसेंबर
पी.टी.च्या तासाला पद्मजाबाई मैदानात. त्यांचा वर्ग आणि चक्क माझाही! मुलं रांगेत कसलंसं लांबलचक हिरवं धरून उभी, खिदळतायत. खिडकीतून नीट दिसेना. रस्सीखेच असावी. माझं लक्ष उडवायचा डाव, दुसरं काय. मी खिडकी लावून घेतली.

१२ डिसेंबर
हरिचंद्र शिपायाला ट्रेनिंग. टेपवर चमचा ग्लासवर मारल्याचा आवाज आहे. टिंग झालं की बटण दाबायचं, पुढची स्लाइड येते. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. त्याच्याकडून घोकून घेतलं. तो म्हणाला, सर, एकदा चार मुलांना दाखवून बघू या का? हे त्याला कोणी शिकवलं? शो आधी दाखवणं म्हणजे कल्पना फुकट वाटणं. नाही म्हणजे नाही.

१५ डिसेंबर, शुक्रवार, दुपारी
कट. शंभर टक्के कट.

अकराला काळे पडदे लावले, टेप सुरू. सगळं मख्खन. अन्न तोंडात, टिंग, अन्ननलिकेत, टिंग. जठराशी पोचलो आणि दार ढकलून कौसाबाई आत! तारेच्या स्टँडमध्ये पाच ग्लास. टिंग टिंग टिंग टिंग. हरिचंद्राचं बटण, बटण, बटण. आवाज जठरात, चित्र मोठ्या आतड्यात. मी ओरडलो, अरे थांब! तो म्हणाला, सर, डोकं चालवायचं नाही असं ठरलंय. साहेबांनी ग्लास स्टँडमध्ये परत ठेवला. टिंग.

माझ्या चोवीस केव्हाच संपल्या. टेप गंभीरपणे सांगतोय, 'अशा रीतीने निरुपयोगी भाग शरीराबाहेर टाकला जातो,' आणि पडद्यावर पिंपाशेजारी हेल्मेटवाला माणूस. खाली लाल अक्षरांत : येथे विडी ओढू नये.

तरी साहेबांच्या पाचपैकी चार प्रश्नांना माझ्या वर्गाने धडाधड उत्तरं दिली. लहान आतडं किती लांब? वीस फूट! सगळे एकदम. मी मनात म्हटलं, बघा, आवाज पोचला की नाही!

साहेबांनी विचारलं, कसं लक्षात राहिलं? पहिल्या बाकावरची वृंदा उठली. म्हणाली, बाईंनी मैदानात आतडं धरायला दिलं होतं, आम्ही दहा जणी लागलो, आणि मग ते अख्खं एका तपेल्यात मावलं. साहेब म्हणाले, आणि सरांचा सिनेमा? ती म्हणाली, त्यातला हेल्मेटवाला आवडला.

१८ डिसेंबर
पद्मजाबाई पर्यवेक्षक. पेढे वाटले. मला मुद्दाम दोन दिले. का?

हेडसरांकडे तक्रार अर्ज करणार. मुद्दा एकच : ऐन पाठात चहा कोणी धाडला? कौसाबाईला विचारलं. ती म्हणाली, मास्तर, तुमीच सांगितलं व्हतं ना. पढवलेली आहे. हरकत नाही. माझ्याकडे तारखेसकट पुरावे आहेत. उद्या ही वही पहिल्यापासून चाळून अर्जाला जोडणार.

१९ डिसेंबर
चाळली.

२ डिसेंबर. अक्षर माझंच आहे. 'ठीक अकरा-दहाला, वर्गातच. काचेचे ग्लास.'

मग मागे गेलो. २६ नोव्हेंबरही वाचलं.

लाज वाटली. वहीत कोणी बघत नाही म्हणून लिहितो, फार लाज वाटली. अर्ज फाडला. स्वयंपाकघरात जाऊन उमाला म्हटलं, तुझी साडी चांगली होती गं. मी ऐकायला हवं होतं. ती पोळी लाटत होती. तिने विचारलं, पुढचा धडा कुठला? म्हटलं, रक्ताभिसरण. एक लाल आणि एक निळी साडी मिळाली तर बघ. यावेळी तू शिव, मी मुलांना धरायला देतो.

ती म्हणाली, त्या दोन्ही कालच पद्मजाबाईंना देऊन आले.