बोट चिखलात आहे

मुक्काम पायरी क्रमांक सदतीस,
१८ सप्टेंबर

तीर्थस्वरूप ऑक्ताव दादास,

धाकट्या आन्सेल्मचा साष्टांग नमस्कार (साष्टांग शब्दशः घे, दिवसातला निम्मा वेळ मी बोटीवर पालथाच असतो). तुझी तब्येत कशी आहे? गुडघा वाकतो का? वसंतात न्हाणीघरात पडलास तेव्हापासून मिरेय तुझ्यामागे सावलीसारखी आहे, हे ऐकून आहे. पोरगी काळजीपोटी करते, तिच्यावर चिडू नकोस. चिडायचं काम सध्या मी एकटा समर्थपणे करतो आहे.

ठरलं होतं ते मी विसरलेलो नाही. बोट येईपर्यंत तू पोर्त-द-बूकला तुझ्या घरात राहायचं. बोट आली, तुला समुद्रावर एक फेरी घडली, की दुसऱ्या दिवशी मिरेय तुला ग्रेनोब्लला आपल्या चौथ्या मजल्यावर घेऊन जाणार. तिने म्हणे तुझ्या भांड्यांची खोकीसुद्धा बांधून ठेवली आहेत आणि सारखी विचारते, ‘काका कुठवर आले?’ तर काका कुठवर आले हे सविस्तर लिहितो. फोनच्या खोक्यात नाणी टाकून इतकं चिडता येत नाही. हे पत्र रविवारच्या जेवणावर तिला मोठ्याने वाचून दाखव आणि एक ओळही गाळू नकोस.

पहिलं दुखणं डोलकाठीचं. बोट नऊ मीटर आणि डोलकाठी बारा, हा हिशेब आपण दोघांनी बोट बांधायला घेताना गोठ्यात बसून केला होता, तोही दुसरी बाटली उघडल्यावर. समुद्रावर ती उभी असेल तेव्हा शोभेल. कालव्यातून जाताना पुलांखातर ती आडवी निजवावी लागते, आणि निजली की पुढून दीड मीटर आणि मागून दीड मीटर बाहेर येते. मी पुढचं टोक सांभाळतो तेव्हा मागचं कोणाच्या तरी संसारात शिरतं. पहिल्याच दिवशी ते एका बाईच्या वाळवणात गेलं आणि तिच्या नवऱ्याची लांब चड्डी निशाणासारखी मिरवत आम्ही अर्धा कोस गेलो. जॉर्जेतला वाटलं काठावरचे लोक प्रेमाने हात हलवताहेत. ती सगळ्यांना हात हलवत होती. (तुझी भावजय अजून सगळ्यांना हात हलवते. वेग माणसाच्या चालीचा, त्यामुळे एकेका माणसाला पाव पाव तास हलवावा लागतो.)

दुसरं दुखणं पायऱ्यांचं. मिरेयसाठी सांगतो: पायरी म्हणजे दोन दारांमधली पाण्याची खोली. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं, बोट माणूसभर खाली उतरते, मग पुढचं दार उघडायचं. अशा शहात्तर आहेत. दार उघडणारी असते दारवाली, तिचं घर तिथेच, आणि घरापुढे मळा. दारवाली चाक फिरवताना हळूच विचारते, ‘मादाम, कांदे हवेत का? आजच उपटलेत.’ आणि जॉर्जेतला नाही म्हणता येत नाही, कारण पुढचं दार अजून बंद असतं. सातव्या पायरीपर्यंत आमच्याकडे कांदे, बटाटे, आलुबुखारांचा मुरंबा आणि एक जिवंत ससा होता. तेराव्या पायरीला बोट एवढी खाली बसली की तळ चिखलाला लागला. मी सुकाणूवर ओरडतोय आणि तुझी भावजय सशाला गाजर भरवतेय. शेवटी मी तो मुरंबा पुढच्या दारवालीला फुकट देऊ केला. ती म्हणाली, ‘मला कशाला? माझ्या बहिणीनेच केलाय तो, मी तर तो तोंडात धरत नाही.’

तरी हे सगळं त्या पुलापुढे काहीच नाही. दादा, बोटीवरची राहायची खोली मी ठरल्यापेक्षा वीतभर उंच केली, हे तुला सांगितलं नव्हतं. तू ताडमाड. आत उभा राहिलास तर टाळकं आपटू नये म्हणून केली. झालं काय, तेविसाव्या पायरीच्या तोंडाशी एक म्हातारा दगडी पूल आहे, आणि त्याच्याखालून आमची बोट चार बोटांनी जात नव्हती. फक्त चार बोटं! तिथली दारवाली मादाम तिबो, साठीची, तोंडात कायम विझलेली सिगारेट. तिने बोटीकडे बघितलं, पुलाकडे बघितलं आणि म्हणाली, “मुस्य आन्सेल्म, बोट उंच नाहीये. बोट हलकी आहे.” मी म्हटलं, “दहा पायऱ्यांमागे जड होती म्हणून रुतली!” ती म्हणाली, “मग तेव्हा पूल हवा होता.” अशा माणसांशी काय बोलणार?

मग ती मोपेडवर बसली आणि अर्ध्या तासात गावचं वाजंत्री पथक घेऊन आली. चौदा जण, वाद्यांसकट. पुढे त्यांचे म्होरके मुस्य गुदार, पेशाने खाटीक, वजन एकशे वीस किलो, आणि पोटावर तो मोठा ढोल. चौदाही जण चढले आणि बोट बरोबर पाच बोटं बुडाली. मी टोपी काढून मादाम तिबोला सलाम केला. आम्ही हळूहळू पुलाखाली शिरलो, बोटीचं नाक पायरीच्या दाराला टेकलं, आणि देवळात बाराचे टोल पडले.

बारा ते एक दारवाल्यांची जेवणाची सुट्टी, हे तुला ठाऊक आहे. मादाम तिबोने चाकाचा दांडा काढला, खांद्यावर टाकला आणि म्हणाली, “बॉन आपेती, सावकाश जेवा, एक वाजता भेटू.” मी म्हटलं, अहो बाई, दोन मिनिटांचं काम! तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला कोणाचा खून करायला सांगितला. मागे जावं तर वाळूची लांबलचक नाव येऊन टेकलेली, आणि तिचा तांडेलही गळ्यात रुमाल बांधून सूप पिताना दिसत होता. आता बघ, एकजण जरी काठावर उतरला तरी बोट वर उठणार आणि छप्पर कमानीत अडकणार. म्हणून एक तास चौदा जण पुलाखालच्या अंधारात खांद्याला खांदा लावून बसले. भूक तर त्यांनाही होतीच. जॉर्जेतने सगळे कांदे, सगळे बटाटे आणि (हे मिरेयला हळू आवाजात वाच) तो ससा रांधला. साडेबाराला मुस्य गुदार माझ्या कानाशी लागले, “मला जरा झाडामागे जाऊन यायचंय.” मी म्हटलं, “तुम्ही तर नाहीच. बाकी कोणीही जा.” तो माणूस अर्धा तास मांड्या आवळून बसला आणि दुःख विसरायला ढोल बडवत राहिला. पुलाखाली ढोल कसा घुमतो हे तुला सांगून कळणार नाही. माझ्या डाव्या कानात तो अजून वाजतोय.

एवढं करून सदतिसाव्या पायरीला पोहोचलो, तर कालव्याचा साहेब सायकलवरून आला आणि म्हणाला की दारं दुरुस्त करायची आहेत, कालवा रिकामा करतोय. सोमवारी पाणी सोडलं. मंगळवारी आम्ही चिखलात. बोट एका कुशीवर कलली आहे, झोपलो की मी जॉर्जेतवर घरंगळतो आणि ती मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं एकेक ऐकवते. पाणी कधी भरणार विचारलं तर साहेब म्हणतो, ‘वसंतात बघू.’ तर मिरेय बाळ, काकांचा नाइलाज आहे. तुझ्या बाबांना वसंतापर्यंत आहे तिथे राहू दे. न्हाणीघरात धरायला एक दांडा ठोकून घे आणि शेजारणीला सकाळ-संध्याकाळ डोकावायला सांग.

जॉर्जेतचा तुम्हा दोघांना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याचा जो असेल तो. चिखलात रुतलेल्या भावाला विसरू नकोस.

तुझा,
आन्सेल्म

ता. क. मिरेय, भांड्यांची खोकी सोडलीस तरी चालेल. बाबांना कॉफीच्या मोठ्या वाडग्याशिवाय सकाळ होत नाही.

दुसरा ता. क. दादा, हा कागद वेगळा आहे आणि मोठ्याने वाचायचा नाही. मुद्दामच एपुआसच्या चीजच्या डब्यात, चीजखाली ठेवला आहे. त्या वासाच्या दहा पावलं जवळ मिरेय फिरकणार नाही. वर लिहिलेलं वाजंत्र्यापर्यंतचं अक्षर न् अक्षर खरं आहे, फक्त ते जुलैत घडलं. सदतिसाव्या पायरीला साहेब नव्हता, चिखल नव्हता, आम्ही तिथून गाणी म्हणत पुढे गेलो. पत्र आणि डबा मी मादाम तिबोकडे पाठवतो आहे, ती तिकडून पोस्टात टाकेल, शिक्का तिकडचा दिसावा म्हणून. (फोनवर म्हणाली, ‘खोटं बोलायचं तर बाराच्या आत सांगा.’)

आम्ही रविवारपासून पोर्त-सँ-लुईला बांधून आहोत, शेवटच्या पायरीच्या पलीकडे. पाणी खारट आहे, मी चाखून बघितलं. तुझ्यापासून एका बसचं अंतर. डोलकाठी काल क्रेनने उभी केली.

मी सगळ्या वाटेवर एकच विचार केला, की बोट आली की तू जाणार. चौथ्या मजल्यावरून डोंगर दिसतात म्हणे. दादा, तू डोंगर बघत जगणारा माणूस नाहीस, आणि मलाही तू डोंगरात नको आहेस. म्हणून बोट आलेलीच नाही. ती वसंतापर्यंत येणार नाही, आणि तू म्हणशील तर पुढच्या वसंतापर्यंतही नाही, कालव्याची दारं फार जुनी आहेत.

तू फक्त गुरुवारी सकाळच्या बसने ये. जॉर्जेत थांब्यावर उभी राहील, हात हलवत. संध्याकाळच्या बसने परत जा. पुढच्या गुरुवारी पुन्हा. मिरेयला सांग, न्हाव्याकडे जातो. तुझ्या डोक्यावर वीस वर्षांत एक केस नाही हे तिच्या लक्षात येईपर्यंत नाताळ उजाडेल.

लोकरीची बंडी आण. शीड मी अजून पिशवीतून काढलेलं नाही. ते तू चढवायचं आहेस.