नात्याचा रकाना

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो कागदावरच घालतो आहे.) तुझी तब्येत आणि वहिनींची पाठ, दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो. माझं अक्षर पाहून पाकीट फाडायला निघाला असशील तर जरा थांब, निदान वहिनींना तरी वाचू दे.

माझा धंदा तुला कधी कळला नाही, कळून घ्यायची हौसही दिसली नाही, तरी सांगतो. दोन देशांतल्या कंपन्या भांडल्या की एकीचा दुसरीच्या कोर्टावर विश्वास नसतो. मग दोघी आपापला एकेक लवाद नेमतात आणि ते दोघे मिळून तिसरा, म्हणजे अध्यक्ष, निवडतात. यंदा अध्यक्ष मी झालो! एकीने पंप विकले, दुसरीने ते धरणावर बसवले आणि पाणी काही वर चढेना. एवढं मोठं प्रकरण मला आजवर मिळालं नव्हतं आणि या वयात पुन्हा मिळणारही नाही. मी नवा कोट शिवला. (पाहायला घरात कुणी नव्हतं, तरी शिवला.)

पहिली बैठक व्हिडिओवर होती. पडद्यावर चौकोनच चौकोन उघडले, आणि पंपवाल्यांच्या वकिलांत अगदी शेवटच्या चौकोनात एक मुलगी, तिच्या चेहऱ्यावर तुझं नाक! यादीत नाव वाचलं होतं, पण तिचं सासरचं आडनाव मला कुठून ठाऊक असणार? लग्नाची पत्रिका आली नव्हती (ही तक्रार नाही, नुसती नोंद). मला पाहून पोरीने मान खाली घातली. ती तरी तिच्या वरिष्ठांना काय सांगणार, हे माझे काका, पण बाबांसमोर त्यांचं नाव काढायचं नाही? मी पुढे पंपांवर काय बोललो, देव जाणे.

आमच्यात नियम असा की कुणाशी नातं असेल तर ते उघड करायचं. लपवलं तर पुढे अख्खा निवाडा रद्द होऊ शकतो. मी त्याच दिवशी कळवलं. लवादाचं काम पाहणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी उलट विचारलं: नातं जवळचं की नावापुरतं, आणि त्या घराशी शेवटचं बोलणं कधी झालं? आता आपलं शेवटचं बोलणं म्हणजे तुझा तो सोफा. ठेवायचा की काढायचा यावर तुझी नि वहिनींची जुंपली, आणि तूच म्हणालास, एवढा लवाद आहेस तर तूच ठरव. ठरवलं! दोन्ही बाजूंचं म्हणणं, पुरावे, सोफ्याची पाहणी, असा कारणांसहित अकरा पानी निवाडा टपालाने पाठवला, एक प्रत वहिनींना. (तुझी बाजू लंगडी होती, हे मी आजही म्हणेन.) एवढ्यावरून सख्ख्या भावाने बोलणं टाकावं?

माझा ऑफिसातला जोडीदार मात्र खूश झाला. म्हणाला, भांडण आहे ना, मग सोन्याहून पिवळं. ‘नावापुरतं’ लिहा, प्रकरण तुमचंच. धरणवाल्यांना फक्त भांडण पुरेसं आहे ना (म्हणजे मी पुतणीकडे झुकणार नाही) याची खात्री हवी होती, आणि पंपवाल्यांना ते फार तर नाही ना (म्हणजे राग पुतणीवर निघणार नाही) याची. मी ‘नावापुरतं’ असं टाइप केलं आणि सहीला बसलो. हात पुढे जाईना. दादा, मला फार वाईट वाटलं. शब्दन्‌शब्द खरा होता, कुणी कितीही तपासलं असतं तरी खोट निघाली नसती. जन्मभर लोकांची भांडणं ऐकून पोट भरलं, पण आपलं भांडण असं परक्यांच्या कामी यावं, हे काही सोसेना.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. कामात हुशार दिसते.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ‘नावापुरतं’ खोडून मी ‘सख्ख्या भावाची लेक, नातं जवळचं’ असं लिहून दिलं. प्रकरण अर्थातच गेलं. आता धरणावर पाणी दुसरे कुणी गृहस्थ चढवतील.

आणखी एक. आमच्या धंद्यात खोटं निवेदन देणाऱ्याची अब्रू जाते. तेव्हा दिलेलं निवेदन खरं करायला मी शनिवारी येतो आहे. दार तू उघड, वहिनींना पाठवू नकोस.