सत्तेचाळीस सेकंद

२२ जानेवारी २००७, सोमवार

गाडी चालते ती चालते, तिच्याकडून रोज जबाब कशाला घ्यायचा? आईनं हा प्रश्न आज सकाळी माझा डबा भरता भरता विचारला. चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकले, तरी आईला पटेल असं एक वाक्य सापडेना. शेवटी तीच म्हणाली, असू दे, पगार देतात ना, मग घे जबाब.

नेमणुकीचं पत्र बाबांनी कालच बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवलं होतं. आज ते कारखान्यातून दोन तासांची सवलत घेऊन मला खडकीच्या बसथांब्यापर्यंत सोडायला आले. मुलगी इंजिनिअर झाली, हे त्यांनी कंडक्टरलासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, अभिनंदन, सुट्टे द्या.

ऑफिस बिबवेवाडीत, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. आम्ही गाड्यांत बसवायचा डबा बनवतो. काळा, पोळ्यांच्या डब्यापेक्षाही लहान. तो गाडीच्या डॅशबोर्डखाली बसतो आणि वेग, जागा, इंजिन, ब्रेक यांची नोंद दर सेकंदाला घेतो. आत मोबाइलचं सिमकार्ड असतं, त्यावरून सगळे आकडे आमच्या कॉम्प्युटरवर येतात. चालकानं ब्रेकच्या पेडलवर पाय दिला की एका रकान्यात १ येतो, काढला की ०. शेजारच्या रकान्यात ब्रेकचा दाब. विक्रम सर हे मालक आणि मुख्य इंजिनिअर. जर्मनीत सहा वर्षं होते. सोनबाकाका डबे बसवणारे फिटर. माझ्या खुर्चीवर आधी नीरजा म्हणून कोणी होती. गेल्याच आठवड्यात अचानक सोडून गेली. तिच्या खणात अर्धी खाल्लेली लिमलेटची पुडी मिळाली.

मला वाटतं, हे काम लोकांचे जीव वाचवणारं आहे. कंटाळा आला तरी हे विसरायचं नाही.

२४ जानेवारी, बुधवार

पहिलं खरं काम. सरांनी सरावासाठी एक जुनी फाइल दिली आणि आकडे साफ कसे करायचे ते शिकवलं. डबे स्वस्तातले, तारा हलतात, मग मध्येच खोटे आकडे येतात. असा खोटा आकडा काढायचा आणि आजूबाजूच्या आकड्यांची सरासरी तिथे भरायची. सगळीकडे असंच करतात म्हणे.

त्या फाइलीत शेवटी सलग सत्तेचाळीस ओळी बिघडलेल्या होत्या. ब्रेकचा दाब शून्य, आणि पेडलचा रकाना मात्र १, १, १. मी विचारलं, हे खरं असलं तर? सर हसले. म्हणाले, अगं, सत्तेचाळीस सेकंद कोणी ब्रेकवर उभं राहतं का? बटण अडकलंय. पटलं मला. एकाचे शून्य केले, दाबाच्या जागी सरासरी भरली. सर म्हणाले, हात स्वच्छ आहे तुझा. छापलेल्या कागदावर "तपासणार: मैत्री" असं आलं, त्याखाली मी सही केली. घरी जाऊन बाबांना सांगितलं. नाव छापलंय हे ऐकून त्यांनी चहा बाजूला ठेवला.

५ फेब्रुवारी, सोमवार

आज एक बाई आल्या. गोदाबाई, लोणी काळभोरच्या. नवरा महिपती, कामगारांची बस चालवायचा. नऊ जानेवारीला सकाळी नऊ वीसला बस उतारावरून थेट कालव्यात गेली. तो गेला, आणि वस्तीतल्या तीन बायका गेल्या. बसमध्ये आमचाच डबा होता. आता चौकशीचा कागद आलाय की ब्रेक ठणठणीत होते, चालकानं पाय लावलाच नाही. म्हणजे झोपला होता, नाहीतर प्यायला होता. गोदाबाई सांगत होत्या, वस्तीत कोणी त्यांच्या दारावरून जात नाही. नळावर त्या गेल्या की बाकीच्या बायका हंडे उचलून बाजूला होतात.

त्यांना भरपाईचं विचारायचं नव्हतं. एवढंच म्हणत राहिल्या, "तेनी पाय दाबला हुता का न्हाई, तेवढं सांगा, बाई."

सर म्हणाले, ऑफिस आहे, देवळाचा कौल नाही. दार लावून घे.

मी दार लावलं. नंतर त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत खिडकीतून बघत राहिले. का, ते कळलं नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

कळलं. चौकशीच्या कागदाची प्रत सरांच्या टेबलावर होती. तिला मी साफ केलेल्या आकड्यांचा कागद जोडलेला, खाली सही माझी.

सोनबाकाकांना गाठलं. ते आधी नाही म्हणाले, मग टपरीवर बसून बोलले. ब्रेकचा दाब उतरला की डबा चालकाच्या कानाशी शिट्टी मारतो. बसमालकाला ती कटकट वाटायची, म्हणून सरांच्या सांगण्यावरून काकांनी आठ बसच्या शिट्टीच्या तारा तोडल्या. महिपतीची त्यातलीच. खरे आकडे बाहेर आले असते तर पहिला प्रश्न शिट्टीचा आला असता. नीरजा सही करेना, म्हणून गेली. "आन तू आलीस," काका म्हणाले. "नवी, हुशार, इचारल्याबिगर सही करनारी." हे त्यांनी टोचून म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

सरांना सरळ विचारलं. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. मूळ फाइल पुसलीय. म्हणाले, जा की पोलिसांत, सही तुझी, हस्ताक्षर तुझं, माझं नाव त्यावर औषधालाही नाही. मग अगदी मायेनं म्हणाले, घरातली पहिली शिकलेली ना तू? आईवडिलांचा विचार कर.

खरे आकडे आता फक्त कालव्यातून काढलेल्या डब्यात. सतरा नंबरचा. तो कपाटात आहे. उघडून पाहिला. आतला सगळा भाग गंजलेला. सिमकार्ड नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊ वीसला माझ्या पडद्यावर सतरा नंबर सुरू झाला.

वेग ५८. पेडल १. दाब शून्य. सत्तेचाळीस ओळी, मग बंद. मी साफ केलेल्या त्याच ओळी, साफ व्हायच्या आधीच्या. छापायला गेले तर कागद कोरा आला.

कपाट उघडलं. डबा जागेवर होता. खालचा कागद ओला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

रोज नऊ वीस. सरांना दाखवायला बोलावलं. ते आले की पडदा रिकामा. म्हणाले, सुट्टी घे दोन दिवस, किंवा चष्मा घे.

काका कपाटाच्या खोलीत येत नाहीत आता. विचारलं तर म्हणाले, मला डिझेलचा वास येतो, आन कालव्याच्या गाळाचा. मलाही येतो.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज ओळी सत्तेचाळीस नव्हत्या. पावणेदोन तासांच्या होत्या. जागेचे आकडे नकाशावर टाकून पाहिले. खडकी. शिवाजीनगर. स्वारगेट. बिबवेवाडी. प्रत्येक थांब्यावर थांबलेली बस.

ती माझी बस होती. आज सकाळची. सबंध रस्ताभर पेडल १.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

बस टाळली. पहाटे निघून चालत आले. आईला सांगितलं, व्यायाम.

पडद्यावर सतरा नंबर. खडकी ते बिबवेवाडी. वेग ताशी पाच.

पेडल १.

२६ फेब्रुवारी, सोमवार

घाबरून काय होणार, असं बाबा नेहमी म्हणतात, चूक असेल तर कबूल करावी. चौकशीच्या कचेरीत गेले. कारकुनानं ऐकून घेतलं. पुरावा? नाही. मग म्हणाला, म्हणजे तुम्ही स्वतःविरुद्ध तक्रार द्यायला आलात, तीही कागदाशिवाय. पेन देऊ का? शेजारचा हसला.

सरांना संध्याकाळपर्यंत कळलं होतं. बसमालकाकडून नव्या साठ डब्यांची मागणी आली म्हणून त्यांनी ऑफिसला पेढे वाटले. मला दोन दिले. एक तुझ्या सहीचा, म्हणाले.

त्या पेढ्यापर्यंत मी घाबरलेली होते. त्यानंतर नाही. म्हणजे आहे, पण भीती आता खाली बसलीय. तिच्यावर दुसरं काही उभं आहे.

५ मार्च, सोमवार

गोदाबाई पुन्हा आल्या. या वेळी मीच बाहेर गेले. फाटकाशी उभं राहून सांगितलं की दाबला होता. सत्तेचाळीस सेकंद. शेवटपर्यंत. शून्य मी भरले.

वाटलं, मारतील. त्यांनी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाल्या, "हे माझ्या कानात नको. वस्तीत येऊन बोल." जाताना वळून म्हणाल्या, "आन तुझ्या सायबानं बी एकदा दाबून बगावं."

आत आले तर पडद्यावर सतरा नंबर. नऊ वीस नव्हते, दुपारचे दोन वाजले होते. एकच ओळ. पेडल ०.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाय उचललेला. जणू वाट बघतोय.

७ मार्च, बुधवार

परवा कालव्यावर जागेची पाहणी. अधिकारी, गावकरी अकराला येणार. सर म्हणाले, आपण दोघं आधी जाऊ, फोटो काढू, रस्ता मोकळा असतो. त्यांच्या नव्या गाडीनं.

सगळं लिहून काढलं. माझी चूक, शिट्टी, पुसलेली फाइल. एक प्रत गोदाबाईंना, एक चौकशीला, रजिस्टर पोस्टानं. पुरावा नाही, पण सही आहे. या वेळी खरी.

८ मार्च, गुरुवार

काकांकडून डबा बसवायला शिकले. चार तारा. काकांनी कोणत्या गाडीसाठी, ते विचारलं नाही. हत्यारं मात्र स्वतःची दिली.

सतरा नंबर हातात घेतला. गार. आत काहीतरी हललं. पाणी असेल.

आईच्या शेजारी झोपले.

९ मार्च, शुक्रवार

गाडीत लिहितेय. हडपसर मागे पडलं. सर गाणी लावून चालवताहेत. काय लिहितेस, विचारलं. आकडे, म्हटलं.

रस्ता मोकळा. नऊ अठरा.

सर म्हणताहेत, गाळाचा वास कुठून येतो? काच खाली केली. अजून येतोय.

उतार —

सरांनी पाय दाबला. पुन्हा दाबला. गाणं बंद केलं. म्हणताहेत, अगं हे लागत का नाहीये, हँडब्रेक ओढ, ओढ ना —

ओढला. हातात आला नुसता. त्यांच्या पायाखाली चटईवर पाणी. त्यांच्या पायावर अजून एक पाय आहे. ओल्या चपलेतला. तोही दाबतोय, खूप जोरात —

कालव्यावरचा पूल दिसतोय. कोणी नाही तिथे. बरं झालं.

सर ओरडताहेत, काय केलंस तू, काय केलंस. सांगितलं त्यांना. सकाळी तुम्ही चहा घेत होतात तेव्हा बसवला, सर. सतरा नंबर. आणि मग मी स्वतःहून शेजारी येऊन बस—