वर्षाच्या आत

सोम. ३ नोव्हें.
आजही सहाला निघालो. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने दोन खेपा, तोंडाने जप. माझी बायको सुमन जाऊन आठ महिने झाले, दिवेलागणीला घरात बसवत नाही. चालून बरं वाटतं असं नाही. काही वाटत नाही, एवढंच.

बुध. ५
चालताना माळशिरसहून दादाचा फोन. जप सुरू असला की मी बोलत नाही, त्याला ठाऊक आहे. तोच बोलला. घरात मयत झालं की लेकीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. अकलूजचं स्थळ आहे, रेखाला बघायला येतो म्हणतात. मी "हं, हं" करत राहिलो. एकशे आठ पूर्ण केले. मग फोन करायचा राहून गेला.

शुक्र. ७
माझा हुंकार दादाने होकार धरला. रविवार ठरवून टाकला. वहिनींचा फोन रेखालाच आला, तिला तिथून कळलं. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, पावण्यांसमोर तरी तोंड उघडा. मुका सासरा नको म्हणतील."
रेखाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. ती भाकरी थापत राहिली. मी फिरायला गेलो.

शनि. ८
चपला घालत होतो. रेखा उंबऱ्यात आली.
"अप्पा, तुम्ही हो म्हणालात?"
म्हटलं, हो म्हणालो नाही.
"मग नाही म्हणालात का?"
दुसऱ्या चपलेत पाय घातला. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही रोज दिव्याच्या वेळेला निघून जाता. मलाही बसवत नाही की इथं."
तरी गेलो. पाय सवयीने गेले. अर्ध्या खेपेत मोजणी चुकली, पहिल्यांदाच. कठड्याला टेकून दादाला फोन लावला. उद्या कुणी येऊ नका म्हटलं, पोरीला शिकू दे, तीन वर्षं तर तीन.
"आता सांगतोस व्हय? त्येंनी गाडी ठरवलीया. मी न्हाय सांगणार, तूच सांग तोंडानं."
त्यानेच फोन ठेवला. त्या लोकांचा नंबर माझ्याकडे नाही.

रवि. ९
रेखाला सकाळी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. साडी नेसली नाही, कॉलेजच्याच कपड्यांत पुस्तक घेऊन बसली आहे.
दादा फोन उचलत नाही.
साडेअकरा. गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली. दादा पुढच्या सीटवरून उतरतो आहे. मनात भीती नाही, राग नाही. नकार आता मीच तोंडाने सांगायचा. उठतो.