बुरहानपूरला कुणी उतरलंच नाही

प्रिय ताई,

आज सकाळी तुझी मुक्ता बुरहानपूरवरून गेली. गाडी थांबली तेवढा वेळ भेटली. मी डबा दिला, तिने दारातच वाकून नमस्कार केला, आणि गाडी सुटली. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय, आणि फोन लावायची सोय तू ठेवली नाहीस. म्हणून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. यांना उठवून बसवताना मनगटाला हिसका बसलाय.

हो, यांचं अजून तसंच आहे. अंगावरून वारं गेलं तेव्हापासून डावी बाजू हलत नाही. बोलणं थोडं सुधारलं, चिडणं मात्र पूर्ववत झालं.

मुक्ता निघाली होती नाशिकला, माहेरी, आपल्या अरुणच्या मुलाच्या लग्नाला. कधीपासून फोन करत होती. ‘मावशी, तू बुरहानपूरला चढून जा ना. मम्मी आणि तू जायचात, तसंच जाऊ.’ मी नाही म्हटलं. पोरीने तरीही माझं तिकीट काढलं. तुझीच लेक, विचारून काही करेल तर शपथ. मी पुन्हा नाही म्हटलं. थकले गं. लग्नघर, ती गर्दी, नव्या पातळांची चर्चा, ‘अगंबाई, किती वाळलीस’ म्हणणाऱ्या बायका. कुणापुढे हसायचंसुद्धा त्राण उरलेलं नाही.

आठवतं, मे महिन्यात आपण कशा जायचो? तू आदल्या संध्याकाळी कटनीहून मुलांना घेऊन बसायचीस आणि मी सकाळी इथे फलाटावर उभी असायचे. दोन पोरं, एक ट्रंक आणि केळ्यांची फणी. मोबाइल नव्हते. डबा कोणता ते कळणार कसं? तू खिडकीच्या गजाला ओला पिवळा पंचा बांधून ठेवायचीस. चांदनी स्टेशन मागे पडलं की आधी पंचा बांधायचा आणि मग स्वतःची वेणी घालायची, हा तुझा शिरस्ता.

आणि ते वर्ष! पिवळा पंचा दिसला म्हणून मी पोरं आत ढकलली, ट्रंक ढकलली, मागून मी चढले. बघते तर खिडकीत भलतंच कुटुंब, बनारसकडचं. त्यांच्या म्हातारीने मला कोण, कुठली हेसुद्धा विचारलं नाही. सरकून जागा दिली आणि माझ्या धाकट्याच्या हातात सत्तूचा लाडू ठेवला. तू मागच्या डब्याच्या दारातून ओरडत होतीस म्हणे. भुसावळला धावत आलीस ती तणतणतच. ‘कुंदे, पंचा बघितलास, माणूस नाही बघितलंस?’ ती म्हातारी मला तिथेच ठेवून घ्यायला तयार होती. निघताना तिला आपली अर्धी फणी दिली तेव्हा कुठे तू हसलीस. तशीही केळी तुला नकोच असायची. ‘दर वर्षी केळी, मी काय माकड आहे?’ म्हणायचीस आणि मनमाड येईपर्यंत सालांचा ढीग व्हायचा.

तुझ्या डब्यात सरसोच्या तेलातलं लोणचं आणि पुऱ्या, माझ्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी तुझं खायचे, तू माझं. पोरं वरच्या बर्थवर भांडायची आणि आपण त्यांना खालूनच एकेक चापट द्यायचो, कुणाचं कोणतं ते न बघता. रावेर-सावद्याच्या केळीच्या बागा सरल्या की ऊन चढायचं, खिडकीतून भट्टीसारखा वारा यायचा, सुरईतलं पाणीसुद्धा कोमट व्हायचं. तरी नाशिक लवकर यावं असं मला कधी वाटलं नाही.

तुला वाटायचं का? आई वाट बघत असायची, ते खरंच. पण तिथे पोचलं की आपण कामाला लागायचो. पापड, कुरडया, आलं-गेलं. वहिनीसमोर आईशी बोलायचं नाही, आईसमोर वहिनीशी बोलायचं नाही. बोलणं काय ते गाडीतच. माझं तिसरं मूल पोटातच गेलं, ते मी आईला कधी सांगितलं नाही. तुला सांगितलं, मनमाडच्या अलीकडे कुठेतरी. तू माझी घातलेली वेणी सोडलीस आणि पुन्हा घातलीस, सावकाश. पेडाला पेड लावत राहिलीस. माझं माहेर तेवढंच होतं ताई, त्या खिडकीपाशी.

आता ती खिडकी नाही. मुक्ताचा डबा एसीचा, काळ्या काचेचा. आतलं माणूस दिसत नाही. ती दारात उभी राहून हात हलवत होती म्हणून सापडली. मी फलाटावर लगबगीने गेले तर गुडघ्यांनी जीव नकोसा केला. तिला बघितलं आणि हातातला डबा द्यायचं क्षणभर विसरलेच. तीच हनुवटी, तसंच पदर खोचणं. वयाने तू होत चाललीय.

‘मावशी, चल ना. सीट खाली आहे.’

‘यांना कोण बघेल?’

‘दोन दिवसांचा तर सवाल आहे.’

सूनबाई बघणार होती. तिने स्वतः मला सांगितलं होतं, जाऊन या म्हणून. मला त्या गाडीत तुझ्याशिवाय बसायचं नव्हतं, एवढंच. तू गेलीस आणि मी त्या वाटेवर उगाच तुझी वाट बघत बसले असते. हे तुझ्या लेकीला कसं सांगू? ती तर तुला माझ्यात शोधायला आली होती.

गाडी हलली तेव्हा ती म्हणाली, अगदी हसत म्हणाली, ‘कटनीचं मम्मीचं घर खाली केलं, मावशी. चाबी देऊन टाकली मालकाला. आता माहेरी कुठं जायचं, ते तूच सांगशील.’

मी हात हलवत राहिले. माय मरो आणि मावशी उरो, म्हणतात. उरलेय मी, पण कशी उरलेय ते तू बघतेस ना? एका माणसाला कुशीवर वळवता वळवता दिवस मावळतो. त्यात मी आणखी कुणाचं माहेर व्हायचं?

घरी आले, यांना चहा पाजला. यांनी विचारलं, ‘बसली नाही गाडीत?’

‘नाही.’

‘मी काय पयून चाललो होतो का?’

मी कपबशी उचलली. हे अडखळत म्हणाले, ‘मंग पोरीला तरी उतरवायचं. घर हाये ना आपलं.’

ताई, हातातली बशी तशीच राहिली. हे मला सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत बुरहानपूरचं स्टेशन म्हणजे माझी चढायची जागा. इथे कुणी उतरायचं असतं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. आणि तुझ्या? तू तर मोठी होतीस. येताना आईकडे लवकर पोचायचं, जाताना शाळा उघडलेल्या. ‘कुंदे, पुढच्या वर्षी उतरते गं,’ म्हणायचीस. माझं घर एकदाही न बघता गेलीस. या गोष्टीचा मला राग आला आज. बसून रडले आणि वर तुझ्यावर चिडले. मीही कधी हाताला धरून उतरवलं नाही, हेही खरं. आपल्याला वाटायचं, माहेर पुढे आहे.

मुक्ताला फोन लावला. गाडीच्या खडखडाटात नीट ऐकू येईना. मी ओरडून सांगितलं, ‘परतताना थेट सासरी जाऊ नकोस. इथे उतर. आठ दिवस राहा.’

ती बारीक आवाजात म्हणाली, ‘घ्यायला कोण येईल?’

केवढी बाई, दोन लेकरांची आई, आणि काय विचारते बघ.

मी येईन, ताई. गुडघे दुखू देत, दुखणारच आहेत. घरात माणूस आजारी आहे, तिला पुरणपोळीचा थाट मिळणार नाही. भाकरी मिळेल. दुपारी यांची कूस बदलायला तिचा हातही लागेल, ती काही पाहुणी नाही. पण तिची बॅग मी माझ्या हातांनी उतरवीन, डोक्याला तेल लावीन, उशिरापर्यंत झोपू देईन आणि जाताना ओटी भरीन. हा माझा शब्द.

आणि निघताना तुझी लेक रडली नाही, तर मावशी कमी पडली असं खुशाल समज.

तुझी,
कुंदा