खालची कडी

न्यूमार्केट,
१९ एप्रिल १९९६

प्रिय क्लाइव्ह,

मी बरी आहे, गुडघे सोडून. तूही सुखरूप असशील. ‘अठ्ठावीस वर्षांनी ही बया कुठून उगवली?’ असं म्हणशील. म्हण. पण शेवटपर्यंत वाच.

हल्ली मी एक खोली पाहुण्यांना भाड्यानं देते. सोमवारी एक मुलगी आली, टॅम्झिन नावाची, बावीसेक वर्षांची, बोलणं तुमच्या टास्मानियाकडचं. लोक इथे शर्यती बघायला येतात. हिला शर्यतीचं काडीचं कौतुक नाही! सकाळी टेकडीवर जाऊन घोड्यांचा सराव बघायची आणि परत आली की प्रश्नच प्रश्न. इथे आधी कोण राहायचं? तो तबेला कुणाचा? माझा भोचकपणा तुला ठाऊक आहे. मीही मागे लागले, “तू कोण गं? कुणाची?” ती नुसती हसायची.

काल तिला घेऊन तू काम करायचास त्या तबेल्यात गेले. म्हातारा वॉल्टर अजून तिथेच आहे.

“काय लॉर्ना, पोरगी कुठून पळवलीस?”

“तुला कुणी पळवणार नाही, निश्चिंत राहा,” मी म्हटलं.

तो एक घोडा आत घालून, वरची कडी लावून आमच्याशी बोलायला वळला. तेवढ्यात टॅम्झिन पुढे झाली, बुटाच्या टोकानं खालची कडी लावली आणि दार हलवून पाहिलं.

“अगं, लावणारच होतो मी!” वॉल्टर वैतागला.

“सॉरी, घरची सवय,” ती म्हणाली. “वरची कडी घोडा दातांनी काढतो, असं बाबा सांगतात. आमच्याकडे घोडा नाही, तरी ते रोज दोनदा उठून घरातली सगळी दारं बघतात. म्हणतात, एकदा विसरलो आणि माझ्यामुळे एक घोडी मेली.”

मी तिथल्या दगडावर बसले. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “आत्या, काय होतंय?”

क्लाइव्ह, तू विसरला नव्हतास.

त्या दुपारी मी तुझा चहा घेऊन आले, तेव्हा तू गवतावर झोपला होतास. मी घोडीला गाजर द्यायला आत शिरले. निघताना वरची कडी लावली, खालची नाही. घोडी रस्त्यावर गेली, लॉरीखाली आली. मालकांनी तुला सगळ्यांसमोर झाडलं. पहिल्यांदा तू म्हणालास, “लावली होती.” दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा म्हणालास, “लावली असेल.” मी किटली धरून उभी होते. उद्या सांगू, म्हटलं. त्याच आठवड्यात तू टास्मानियाची बोट गाठलीस. मी भ्याले, दुसरं काही नाही.

हे सगळं मी तिथेच सांगितलं, वॉल्टरसमोर. टॅम्झिननं माझा हात सोडला. आज सकाळी म्हणाली, “बाबांना मी सांगू?” मी म्हटलं, नको, हे माझं काम आहे. तू फक्त पत्र ने.

मला माफ कर, असं लिहायची हिंमत नाही. एवढंच कर. आज दारं बघायला उठू नकोस. बसून राहा.

ती कडी न लावणारी,
तुझी ताई,
लॉर्ना